पहिला अल्बम वाजवलाच पाहिजे

मी वाचायला शिकले पत्रकांवर. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत, दिवाणाखाली, पत्रकांचे गठ्ठे असायचे. गुलाबी, पिवळे, पोपटी. शाळेतल्या तक्त्यावर 'अ' अननसाचा होता. अननस मी तोवर पाहिलेला नव्हता. 'अन्याय' मात्र घरात रोज यायचा, ठळक अक्षरांत, शेवटी उद्गारचिन्ह घेऊन. माझा 'अ' तिथूनच सुरू झाला.

पप्पा सरकारी कचेरीत कारकून आणि कचेरी सुटल्यावर चळवळीचे. पाण्याच्या टाकीसाठी, बंद पडलेल्या वाचनालयासाठी, सफाई कामगारांच्या हातमोज्यांसाठी जे पत्रक निघे ते पप्पा लिहीत. त्यांचे नियम पक्के होते. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय आणि काय हवंय, हे वाचणाऱ्याला त्याची बस सुटायच्या आत कळलं पाहिजे. आणि खाली नाव पाहिजे. "नाव नसलेलं पत्रक म्हणजे अफवा," असं ते म्हणत. मी आजही त्याच शिस्तीत लिहिते. गोलगोल लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

म्हणून आधीच सांगते. मला इथे नाशिकमधल्या चार जणांच्या एका रॉक बँडच्या पहिल्या अल्बमबद्दल बोलायचं आहे. तो फार थोड्या लोकांनी ऐकला आणि ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी नाक मुरडलं. आपल्या भाषेत निघालेल्या सगळ्यात जिवंत अल्बमांपैकी तो एक आहे, असं माझं मत आहे आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. नाशिकचा बँड म्हटलं की लोक विचारतात, "लग्नाचा का?" लग्नाचा नाही.

अल्बम आला तेव्हा मी दहावीत होते. बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा दादा आमच्या मागच्या गल्लीतला. मूळचा सिन्नरकडचा, अंबडच्या एका कारखान्यात कामाला. त्याने सगळी गाणी माझ्या मोबाइलच्या मेमरी कार्डात भरून दिली.

"ऐक. नाय आवडलं तर तोंडावर सांग," तो म्हणाला. "मागे बोलणारे लय आहेत."

त्या रविवारी मी फरशीवर बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. घडी घालून चमच्याच्या पाठीने दाबायची, हे माझं लहानपणापासूनचं काम. कानात इयरफोन. पहिल्या गाण्यात ड्रमची गती वाढत जाते. कुणी ठरवून वाढवलेली नाही, वाजवणारा घाबरलाय म्हणून वाढते, हे ऐकणाऱ्याला कळतं आणि आपणही त्याच्यासोबत घाबरत पळू लागतो. माझे हातही पळाले.

पप्पांनी गठ्ठ्यातलं एक पत्रक उचलून उलटंसुलटं केलं. "घडी वाकडी पडतेय."

"पप्पा, ड्रमवाला पळतोय."

"कोण पळतंय?" पप्पांनी खिडकीतून वाकून गल्लीत पाहिलं.

तो अल्बम अंबडमधल्या एका गाळ्यात रेकॉर्ड झाला. गाळा गायकाच्या मामाचा. तिथे लेथ मशीन होतं, म्हणून साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरला. पण शेजारच्या गाळ्याला सुट्टी नव्हती. त्यामुळे प्रत्येक गाण्याच्या तळाशी त्यांच्या कॉम्प्रेसरची घरघर आहे. ऑर्गन हवा होता, तो कुणाकडेच नव्हता. मग कॉलनीतल्या गायन पार्टीची जुनी पेटी आणली, समोर माइक ठेवला आणि तो आवाज गिटारच्या फझ पेडलमधून काढला. हे पेडल आवाज फाडून खरखरीत करतं. पेटीचा एक सूर अडकलेला होता, बोट उचललं तरी वाजत राहायचा. त्यांनी तो दुरुस्त केला नाही. चौथं गाणं सगळंच्या सगळं त्या अडकलेल्या सुरावर उभं केलं. जाणकार अशा संगीताला सायकेडेलिक गॅरेज म्हणतात. कच्चं, घाईचं आणि डोकं गरगरवणारं. मला तेव्हा ते नाव माहीत नव्हतं. जयंतीच्या दिवशी विहारात वाजणारी ती ओळखीची पेटी कुठल्यातरी दुसऱ्या ग्रहावरून वाजतेय, एवढंच कळलं.

दुसऱ्या गाण्यात गायकाचा आवाज फाटतो. वरच्या सुराला हात घालायला जातो, सूर सापडत नाही, आणि तो मागे फिरायच्या ऐवजी तसाच पुढे जातो. मी ती जागा किती वेळा ऐकली असेल! माझ्या ओळखीची माणसं सभेत बोलताना अशीच असतात. आवाज बसतो, पाणी मागायला वेळ नसतो, मुद्दा राहिलेला असतो.

आणि शेवटचं गाणं म्हणजे जीपचं. सिन्नरच्या स्टँडबाहेर जीप उभी आहे. भरल्याशिवाय ती सुटत नाही. "एकच सीट, एकच सीट," असं ड्रायव्हर ओरडतो आणि माणसं चढतच राहतात. मास्तरीणबाई, कांद्याची गोणी, गोणीवर म्हातारा, म्हाताऱ्याच्या मांडीवर शेळी. शेवटी मागच्या दांडीला चंद्र लटकतो, आणि जीप सुटते ती रस्त्याने जात नाही, वर जाते. मग शब्दच नाहीत. दादाचा बेस दोनच सुरांवर चालत राहतो आणि बाकीचे तिघे त्याच्याभोवती भरकटत जातात. पेटी, गिटार, कॉम्प्रेसर, सगळं एकमेकांत कालवून निघतं. बऱ्याच वेळाने जीप खाली येते तेव्हा आपण कुठे उतरलो ते सांगता येत नाही.

माझ्या मित्रांना हे पटवायला मला फार त्रास झाला. एक जण म्हणाला, "यात भूमिका काय आहे?" दुसरा म्हणाला, "हे वेळ जात नसलेल्या पैसेवाल्यांचं संगीत." मला इतका संताप आला! म्हणजे आमच्या पोरांनी गायचं ते दुःखच गायचं का? आमच्या प्रत्येक गाण्याला मागणी चिकटलेली असलीच पाहिजे का? दिवसभर मशीनवर उभं राहिलेल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी जीप आकाशात उडवली, तर तो त्याचा हक्क आहे. हक्काच्या यादीत हेही लिहा. ज्या घरात प्रत्येक वाक्याला आपलं काम माहीत होतं, तिथे मला त्या गाण्याने पहिल्यांदा दाखवलं की एखादं वाक्य काहीही न मागता नुसतं हिंडू शकतं. हे मी चळवळीच्या विरोधात म्हणत नाही. चळवळीतूनच म्हणते.

पुढे बँड सुधारला. हा शब्द मी मुद्दाम वापरते. सूर लागू लागले. गायक गाणं शिकला. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागांमध्ये रेस्टॉरंटं झाली, शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येऊ लागली, आणि बँडला तिथे हिंदी सिनेमाची गाणी वाजवायचं काम मिळालं. चांगलं वाजवतात. पण पहिला अल्बम गायकाने इंटरनेटवरून काढून टाकला. लोकांसमोर तो अल्बम कधीच वाजला नव्हता. ज्या कार्यक्रमात वाजायचा होता तो रद्द झाला आणि नंतर कुणी विषय काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात दादाची बदली तमिळनाडूतल्या कारखान्यात झाली. एका शनिवारी त्याचा बँडबरोबर शेवटचा कार्यक्रम होता, एका द्राक्षबागेतल्या रेस्टॉरंटमध्ये. दुसऱ्या दिवशी सामान निघणार होतं. म्हणजे त्या शनिवारी ती गाणी वाजली नसती तर नंतर कधीच वाजली नसती.

मी दादाला गाठलं. "पहिला अल्बम वाजवा."

तो हसला. "अगं, लहानपणचं आहे ते. सूर नाय, ताल नाय."

"वाजवा."

"मॅनेजरला विचार," तो म्हणाला आणि विषय बदलला.

मला कुणी 'अमक्याला विचार' म्हटलं की मी विचारते. त्याआधी मी त्या अल्बमवर लेख लिहून एका संपादकांना पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं की विषय ताजा नाही. मग मी तोच लेख कापून एका पानाचं पत्रक केलं. दुसऱ्या गाण्यातला फाटलेला आवाज, अडकलेली पेटी, जीप, सगळं घेतलं. पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"कौतुक बरंय. मागणी कुठेय?"

"मागणी नाहीये, पप्पा. हे प्रेम आहे."

"प्रेमाला पत्रक लागत नाही," पप्पा म्हणाले. "पत्रक काढतेस तर काय हवंय ते सांग. लोकांचा वेळ खाऊ नको."

ते बरोबरच होतं. मी मागण्या लिहिल्या. पहिला अल्बम पूर्ण वाजवावा. त्याच क्रमाने वाजवावा. पेटी आहे तशीच ठेवावी. खाली माझं नाव. पप्पा ते पेन ड्राइव्हमध्ये घेऊन त्यांच्या नेहमीच्या डीटीपीवाल्याकडे गेले. त्याच्याकडे पप्पांच्या पत्रकाची एक जुनी फाइल आहे. दर वेळी तो मधला मजकूर बदलतो, वरचं 'जाहीर' आणि खालची चौकट तशीच राहते. प्रूफ पप्पांनी तपासलं. वेलांट्या दुरुस्त केल्या, दोन स्वल्पविराम काढले. शेवटची ओळ इतक्या वर्षांत त्यांनी इतक्या वेळा पाहिली होती की आता ती त्यांना दिसतच नव्हती.

ती ओळ मला रेस्टॉरंटच्या फाटकाशी दिसली. पिवळे कागद हातात, निम्मे वाटून झालेले. पेटी आहे तशीच ठेवावी, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.

"पप्पा!"

पप्पांनी चष्मा वर केला, वाचलं. "असू दे," ते म्हणाले. "नेहमीचंच आहे."

गाड्यांमधून उतरणाऱ्या लोकांना काही कळत नव्हतं. एका बाईने मला विचारलं, "ये डिस्काउंट का कूपन है क्या?" मी म्हटलं, नाही, हा अल्बम आहे. तिने कागद उलटून पाठीमागे काही आहे का ते पाहिलं. वॉचमनने मात्र नीट वाचलं, अगदी शेवटपर्यंत, आणि तो आत पळाला.

मॅनेजर बाहेर आला. कोट घातलेला, माझ्याच वयाचा, घामेजलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले पप्पा पाहून त्याचा उरलासुरला धीर गेला.

"सर, काय प्रॉब्लेम झालाय? आपण आत बसून बोलू ना."

हे वाक्य पप्पा आयुष्यभर ऐकत आलेत. ते आपोआप म्हणाले, "शिष्टमंडळात किती जणांना घ्याल?"

"किती जण आहेत, सर?"

पप्पांनी मागे वळून पाहिलं. मागे नुसता रस्ता होता आणि द्राक्षांच्या वेली. "सध्या दोघं," ते म्हणाले.

ऑफिसात पाणी आलं, चहा आला. मॅनेजर पत्रक पुन्हा पुन्हा वाचत होता. "सर, पेटीला आमचा विरोध नाहीये. कुणी काही बोललंय का पेटीबद्दल?"

"कुणी बोललं नाही," मी म्हटलं.

"मग?"

"ती गाणी वाजली पाहिजेत. पूर्ण अल्बम."

"मॅडम, गेस्टना सिनेमाचीच गाणी लागतात. एक गाणं देतो. शेवटी."

"मूळ मागणीवर ठाम," पप्पा मला हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "एकावर आम्ही उठू शकत नाही. बाहेर काय तोंड दाखवणार?"

बाहेर कुणी नाही हे तिघांनाही माहीत होतं, तरी मॅनेजर दोनवर आला. मी तीन म्हटलं. मला मजा येऊ लागली होती. तेवढ्यात दार उघडून गायक आत आला, मागे दादा आणि त्याच्या मागे ड्रमवाला. साउंड चेक थांबवून आले होते. गायकाच्या हातात पिवळा कागद होता.

"आमच्या गाण्यांचा भाव चाललाय का इथे?" तो म्हणाला. "तीन की दोन? आणि आम्हाला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही?"

ज्यांच्याबद्दल ठरवायचं त्यांनाच खोलीबाहेर ठेवतात, हे वाक्य मी किती पत्रकांत लिहिलंय. पप्पा खुर्चीवरून उठले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "बसा. तुमच्याशिवाय बैठक बेकायदा आहे."

गायक बसला नाही. त्याने कागदावर बोट ठेवलं. "हे तू लिहिलंस? दुसऱ्या गाण्याचं?"

"हो."

"तो टेक चुकलाय. गाळा संध्याकाळी रिकामा करून द्यायचा होता म्हणून तसाच ठेवला. मला तो ऐकवत नाही. म्हणून तर काढून टाकला सगळा अल्बम."

"मला दुसऱ्या कुठल्याच गाण्यावर इतका विश्वास बसत नाही," मी म्हटलं. लिहिलं होतं तेच बोलले.

ड्रमवाला मूळचा नामपूरकडचा, घाबरला की अहिराणीवर येतो. तो कुजबुजला, "माले काहीच याद नही शे, भो."

मग दादा बोलला. भिंतीला टेकून उभा होता, कुणाकडे न बघता. "जीपचं वाजवू. एवढंच. पूर्ण."

गायक वळला. "तुला वाजवायचं होतं?"

"हा."

"मग बोलला का नाहीस? इतकी वर्षं?"

"तू काढून टाकला ना अल्बम," दादा म्हणाला. "मग तुला काय बोलू?"

मला तेव्हा कळलं की 'मॅनेजरला विचार' हे त्याने मला टाळायला म्हटलं नव्हतं. त्याला स्वतःला विचारता येत नव्हतं.

"ठीक आहे," गायक म्हणाला. "जीप. शेवटी. पूर्ण."

मॅनेजरने माझ्याकडे, मग पप्पांकडे पाहिलं. पप्पा म्हणाले, "शिष्टमंडळाची हरकत नाही."

सिनेमाची गाणी झाली. लोकांनी फर्माइशी केल्या, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मग गायक माइकमध्ये म्हणाला, "हे आमचं आहे," आणि जीपचं गाणं सुरू झालं. पेटी नव्हती, तिच्या जागी गायकासमोर कीबोर्ड होता, आणि कॉम्प्रेसर अर्थातच नव्हता. गायकाचा आवाज आता तयार आहे, कुठेच फाटत नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला मी हिरमुसले. माझ्या मेमरी कार्डातलं गाणं याहून खूप वाईट वाजवलेलं आहे आणि खूप चांगलं आहे. एका टेबलावरच्या माणसाने मध्येच मोठ्याने सिनेमातल्या गाण्याची मागणी केली. पप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मेनू कार्ड वाचू लागला.

मग शब्द संपले आणि दादाचे दोन सूर राहिले. मघाशी काहीच याद नव्हतं त्या ड्रमवाल्याच्या हातांना सगळं याद होतं. तो पळू लागला. गिटार त्याच्यामागे गेली, आणि हळूहळू कुणाला परतीची वाट ठाऊक नाही असं झालं. कुठे संपवायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. दोन टेबलांनी गाणं संपलं समजून टाळ्या वाजवल्या. गाणं चालूच होतं. मॅनेजर आमच्याजवळ आला आणि घड्याळाकडे बोट दाखवू लागला.

"पूर्ण ठरलंय," पप्पा म्हणाले.

"पण सर, पूर्ण म्हणजे केवढं?"

"ते त्यांना ठाऊक. आपण बसा."

मॅनेजर खरोखरच बसला. स्टेजवर गिटार थांबली, कीबोर्ड थांबला. ड्रमवाल्याने काठ्या वर धरल्या, शेवटचा ठोका द्यायला, आणि गायकाकडे पाहिलं. दादा एकटाच वाजवत होता. तेच दोन सूर, मान खाली, डोळे मिटलेले. थांबायचं आहे हे त्याला कळत होतं, पण बोटं थांबत नव्हती. ते सूर थांबले की तो बँडमध्ये नव्हता. गायक त्याच्याकडे बघत उभा राहिला. ड्रमवाल्याच्या काठ्या वरच होत्या. मग गायक माइकपाशी गेला, घसा साफ केला आणि त्याने पहिलं कडवं पुन्हा सुरू केलं.